आम्रपालीचा वैयक्तिक कप

कपाच्या तळाशी बिस्किटाचा गाळ होता.

आम्रपाली ओव्हाळने पँट्रीतल्या ट्यूबलाइटखाली कप तिरपा केला, तेव्हा तो गाळ सावकाश एका बाजूला सरकला. कप तिचा स्वतःचा होता. घरून आणलेला, निळा, बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून ओळखीचा केलेला. कोथरूडमधल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत एकेचाळीस माणसं होती. त्यांतल्या कुणीतरी या कपातून चहा प्यायला होता आणि त्यात बिस्किट बुडवलं होतं. नुसतं बुडवलं नव्हतं, बुडू दिलं होतं.

"हे कुणी केलं?" तिने दारातूनच विचारलं.

"माझं होतं ते," शेजारच्या टेबलावरून अनिरुद्ध म्हणाला. "वाचवायचा पुष्कळ प्रयत्न केला. उपयोग झाला नाही."

अनिरुद्ध शनिवार पेठेतला. प्रोग्रॅम लिहिण्याचं काम त्याचं आणि त्यातल्या चुका शोधण्याचं काम तिचं, त्यामुळे दोघांमध्ये एकमेकांना लागेल असं बोलण्याची रोजची सोय होती.

"माझा कप का घेतलास?"

"बाकीचे धुतलेले नव्हते."

"मग धुवायचास ना एखादा!"

"हाच धुतलेला होता की."

तिने कप साबणाने तीनदा धुतला. गरम पाण्याने धुतला. स्वच्छ पुसून नाकाशी धरला. कपाला कसलाही वास नव्हता, पण त्या कपात एकदा काय होतं हे तिला माहीत होतं, आणि ते काही साबणाने निघत नव्हतं.

किळस हा आम्रपालीचा जन्मापासूनचा आजार. चहावरची साय, कंगव्यातला केस, ओलं पायपुसणं, लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या ताटाला टेकवून पुन्हा पातेल्यात जाणारा डाव, यांतलं काहीही पाहिलं की तिच्या अंगावर काटा यायचा. चौथीत असताना वर्गातल्या पोरांनी तिच्या नावातली शेवटची दोन अक्षरं वेगळी काढली आणि तिला 'पाली, पाली' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ती तीन दिवस शाळेत गेली नव्हती. "पाली ही भगवान बुद्धांच्या उपदेशाची भाषा आहे, असं सांग त्यांना," असं तात्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बजावून पाठवलं. तिने जाऊन सांगितलं. पोरांनी मन लावून ऐकून घेतलं आणि मग सगळ्यांनी मिळून चुकचुक केलं.

आता ती सत्तावीस वर्षांची होती आणि रडत घरी जाण्याचं वय उरलं नव्हतं. तिने एक चिठ्ठी लिहून कपावर चिकटवली. 'हा कप वैयक्तिक आहे. कृपया वापरू नये.'

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीखाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'वैयक्तिक कप घरी ठेवावा.'

तिने खाली लिहिलं, 'घरी पुष्कळ कप आहेत. ज्यांच्या घरी अक्कल आहे त्यांनी ती ऑफिसात आणावी.'

दुपारपर्यंत उत्तर आलं, 'अक्कल वैयक्तिक असते. दुसऱ्याची वापरू नये.'

या पत्रव्यवहाराने पँट्रीत गर्दी होऊ लागली. लोक चहा प्यायला म्हणून येत आणि चिठ्ठी वाचून जात. त्यातून कुणाच्या तरी लक्षात आलं की आपणही गेली दोन वर्षं कुणाच्या कुणाच्या कपातून पितोय, आणि एकदा ते लक्षात आल्यावर ते विसरणं कुणालाच जमेना. सोमवारी दोघांनी घरून कप आणले, बुधवारी अकरा जणांनी, आणि पुढच्या सोमवारी पँट्रीच्या ओट्यावर कप ठेवायला जागा उरली नाही.

हे सगळं पाहून सगळ्यांत जास्त आनंद झाला तो शर्मिला मॅडमना. त्या एचआरच्या प्रमुख. मानसशास्त्रात एम. ए. केलेलं, पण कंपनीत त्यांना रजेचे अर्ज तपासण्यापलीकडे त्या ज्ञानाचा काही उपयोग करता आलेला नव्हता. शुक्रवारी चार वाजता त्यांनी सगळ्यांना मीटिंग रूममध्ये जमवलं. पडद्यावर अक्षरं आली, 'किळस : उत्क्रांतीची देणगी'. खाली एका माकडाचा फोटो होता.

"विचार करा," मॅडम म्हणाल्या, "लाखो वर्षांपूर्वी दोन माणसं होती. समोर कुजलेलं मांस. एकाला किळस आली, तो लांब गेला. दुसऱ्याला नाही आली, त्याने खाल्लं. कोण जगलं? पहिला! म्हणजे आपण सगळे त्या किळसवाण्या माणसाचे वंशज आहोत."

"किळस येणाऱ्या," अनिरुद्धने मागून दुरुस्ती केली.

"तेच ते. आता प्रयोग बघू." मॅडमनी काचेच्या भांड्यात ताक ओतलं. मग पिशवीतून दुकानातला कोरा कंगवा काढला, सगळ्यांसमोर त्याचं पाकीट फोडलं, उकळत्या पाण्यातून तो बुचकळून काढला आणि त्याने ताक घुसळलं. "कोण पिणार?"

जमलेली सगळी माणसं खाली बघू लागली.

"अहो, कंगवा नवा आहे! एका केसालाही लागलेला नाही!"

"आणि ताक कधीचं आहे?" अनिरुद्धने विचारलं.

"पाहिलंत?" मॅडमचा चेहरा उजळला. "कुणी पीत नाही! हा शरीरात बसवलेला गजर आहे. दारात चोर आहे की मांजर, हे तो बघत बसत नाही. वाजतो! उगीच दहादा वाजला तरी चालेल, पण खऱ्या वेळी वाजला नाही तर माणूस गेला. आणि आपल्या ऑफिसमध्ये हा गजर सगळ्यात आधी कुणाचा वाजला? आम्रपालीचा!"

टाळ्या पडल्या. आम्रपालीला उभं राहावं लागलं. ती उभी राहिली, तेव्हा कंगव्याच्या दातांतून ताकाचा एक थेंब टेबलावर पडला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. ते हसू आहे असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या पंधरा दिवसांत सुताराने पँट्रीत लाकडी मांडणी करून दिली. प्रत्येकाचा कप, प्रत्येकाचा खण, खणाखाली छापील नाव. प्रोग्रॅम लिहिणारे वर, चुका शोधणारे मध्ये, पाहुण्यांचे सोनेरी काठाचे कप काचेमागे. शिवाय दरवर्षीच्या फॅमिली डेला आम्रपालीला 'स्वच्छता पुढाकार पुरस्कार' द्यायचं ठरलं. आईवडिलांना आमंत्रण गेलं.

येरवड्यात ही बातमी आम्रपाली घरी पोचायच्या आत पसरली, कारण तिने ती फोनवर आईला, हिराबाईंना सांगितली होती. तात्याराव टपाल खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. पत्र पोचलं की ते उघडून वाचून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी आमंत्रण गल्लीतल्या सहा घरांत वाचून दाखवलं. शनिवारी सकाळी ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून तयार होते. हिराबाईंचं गुडघ्याचं दुखणं निघालं होतं, म्हणून बापलेकच कोथरूडला आले.

तात्यारावांना ऑफिस फार आवडलं. गार हवा आवडली. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी आहे हे तर विशेषच आवडलं. शर्मिला मॅडम त्यांना स्वतः फिरवत पँट्रीत घेऊन आल्या. मांडणीसमोर ते हात मागे बांधून उभे राहिले आणि टपालाचे गठ्ठे तपासावेत तशी एकेक नावं वाचू लागले. "वा! पत्ता अचूक असला की वस्तू चुकायची नाही," ते म्हणाले.

मग ते मोरीच्या बाजूला वळले. तिथे खिडकीशेजारी भिंतीत एक खिळा होता. खिळ्याला एक पांढरा कप कानाने लटकवलेला होता. त्याखाली नाव नव्हतं.

"हा कुणाचा?"

मोरीपाशी द्वारकाबाई बशा विसळत होती. ऑफिसची झाडलोट, पुसणं, भांडी, सगळं ती बघायची. रोज पिरंगुटहून बसने यायची. ती म्हणाली, "माझा हाय. मांडणी झाली तवा दिलाय त्यांनी."

"मग मांडणीत का नाही?"

"सर, हायजीन," शर्मिला मॅडमनी खुलासा केला. "त्या बाथरूमही साफ करतात ना."

"आणि घाण कोण करतं?"

मॅडम गळ्यातली पाटी सरळ करू लागल्या.

"ही पद्धत कुणी सुरू केली?" तात्यारावांनी विचारलं.

इथे मात्र मॅडमना हायसं वाटलं. उत्तर माहीत असलेला प्रश्न आला होता. "सर, तुमच्याच मुलीने! त्याचंच तर आज बक्षीस आहे!"

आम्रपालीने खिळ्याकडे पाहिलं. गेले पंधरा दिवस ती या पँट्रीत दिवसातून चारदा येत होती. आपला कप जागेवर आहे ना, त्याला कुणी हात तर लावला नाही ना, एवढंच बघून जात होती. खिळा तिने आज पहिल्यांदा पाहिला.

"चहा घेणार ना, सर?" मॅडम काचेमागचा सोनेरी कप काढू लागल्या.

"घेणार. यात द्या." तात्यारावांनी खिळ्यावरचा कप काढून पुढे केला.

"अहो बाबा, त्यो नगं," द्वारकाबाई पुढे आली. "दुसरा देते की."

"यातच."

थर्मासमधला चहा त्या कपात आला. तात्याराव उभ्या उभ्या, घाई न करता, अर्धा कप प्यायले. मग त्यांनी तो आम्रपालीपुढे धरला.

आम्रपालीला सगळं एकदम दिसलं. तात्यांच्या मिशीला लागलेली साय दिसली. तिचाच उरलेला तुकडा कपाच्या काठाला चिकटून खाली लोंबत होता, तोही दिसला. तात्यांचा हात तसाच पुढे राहिला.

तिने डोळे मिटले, कप घेतला आणि एका दमात रिकामा केला. साय जाताना कळली. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दारात गर्दी झाली होती, तिथून टाळ्या वाजल्या. हा कार्यक्रमाचाच भाग आहे अशी जमलेल्यांची समजूत झाली होती. "फादर-डॉटर बाँडिंग! सो टचिंग!" शर्मिला मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढायला सांगितला. त्यानंतर बक्षीसही झालं. न घ्यावं तर कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं.

परतताना दोन्ही बसमध्ये तात्याराव खिडकीकडे तोंड करून बसले. घरी पोचल्यावरही पंख्याखाली बसून राहिले. शेवटी आम्रपालीच म्हणाली, "तात्या, मला माणसांची किळस येत नाही. उष्ट्याची येते. लहानपणापासून येते, तुम्हाला माहितीये."

"आमच्या गावी एसटी स्टँडसमोर हॉटेल होतं," तात्याराव म्हणाले. "बाहेरच्या भिंतीला चार खिळे. खिळ्यांना कानतुटके कप. आमचे. चहा वरून ओतायचे. पिऊन झालं की आपण विसळायचा आणि खिळ्याला लावायचा. हॉटेलवाला वाईट माणूस नव्हता. माझ्या बापाची चौकशी करायचा. त्याला विचारलं असतं तर त्यानेही स्वच्छताच सांगितली असती."

"तो खिळा मी नाही ठोकला."

"नाही. तू फक्त बघितला नाहीस."

स्वयंपाकघरातून हिराबाईंचा आवाज आला, "पोरीला बोलताय, आणि स्वतःचं काय? भाजीत एकदा केस निघाला तर आठवडाभर माझ्या डोक्याकडे बघत जेवता."

"हिरा, हा वेगळा विषय आहे."

"मलाही तेच म्हणायचंय. वेगळाच आहे."

त्या रात्रीपासून तात्यारावांनी आम्रपालीशी बोलणं टाकलं. सकाळी वर्तमानपत्राचं पान मागायचं झालं तरी ते हिराबाईंमार्फत मागू लागले.

सोमवारी आम्रपाली सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. तिने खिळ्यावरचा कप मांडणीत ठेवला, पकडीने तो खिळा उपटला, मांडणीखालची एकेचाळीस नावं नखाने खरवडून काढली आणि शर्मिला मॅडमना सांगितलं की आजपासून सगळे कप सगळ्यांचे. मॅडमच्या मनालाही शनिवार लागला होता. त्यांनी लगेच होकार दिला आणि शुक्रवारी नवीन भाषण ठेवलं. विषय होता, 'किळस : उत्क्रांतीची अडगळ'. माकड तेच होतं, त्याच्यावर लाल फुली मारली होती.

"गजर चुकीचा वाजतो!" मॅडम म्हणाल्या. "चुकीच्या माणसांवर वाजतो! आपण तो बंद करायला शिकलं पाहिजे!"

कंपनीने तो मनापासून बंद केला. समोर येईल तो कप उचलायचा असा नियम झाला. मग कप न विसळता उचलणं हे मोठ्या मनाचं लक्षण ठरलं. मीटिंगमध्ये एकाच कपातला चहा दोघांतिघांत फिरू लागला आणि जो घोट घ्यायला कचरेल त्याच्याकडे लोक 'अजून तिथेच का?' अशा नजरेने पाहू लागले. आम्रपाली तर सगळ्यांच्या पुढे होती. कितीही किळस आली तरी ती डोळे मिटून प्यायची आणि मनात म्हणायची, तात्या, बघा.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी अनिरुद्ध शिंकला.

"सर्दी झालीय का?" तिने विचारलं.

"थोडी. वैयक्तिक आहे," तो म्हणाला आणि अर्धा राहिलेला चहा त्याने पुढे सरकवला. तिने घेतला.

गुरुवारपर्यंत नऊ जण घरी होते, शुक्रवारी एकोणीस. पुढच्या सोमवारी अमेरिकेतल्या विमा कंपनीला सॉफ्टवेअर पाठवायचं होतं आणि ते पाठवायला माणसंच नव्हती. शर्मिला मॅडमनी अंथरुणातून सगळ्यांना ईमेल केला. त्यात किळशीचा उल्लेख नव्हता, तुळशीच्या काढ्याचा होता. तिकडून गोऱ्या साहेबाने फोनवर विचारलं की काय झालंय, तेव्हा पलीकडून त्याला उत्तराऐवजी बराच वेळ खोकला ऐकू आला.

त्या सोमवारी आम्रपाली तापातच ऑफिसला आली. नाक लाल, गळ्याला मफलर, हातात रुमालांची चळत. आत शिरली तर ओळीने रिकाम्या खुर्च्या. पँट्रीत तेवढी द्वारकाबाई स्टुलावर बसून चहा पीत होती. ठणठणीत. चेहऱ्यावर तेज, साधं नाकसुद्धा ओढत नव्हती.

"द्वारकाबाई, तुम्हाला काही झालं नाही?"

"मला काय धाड भरलीय?"

तेव्हा आम्रपालीचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. हातात कंपनीचा कप नव्हता. पितळेचं छोटं फुलपात्र होतं, घासून लखलखीत केलेलं. मांडीवर ते गुंडाळून आणायचं स्वच्छ फडकं.

"हे कुठलं?"

"घरचं. रोज आनते."

"म्हणजे तो खिळ्यावरचा कप..."

"त्यात म्या कदी प्याले न्हाई. दिला, लावला खिळ्याला. तुमी मांडनीत ठिवला, ऱ्हाऊ दिला मांडनीत. आपल्याला काय." द्वारकाबाईने एक घोट घेतला. "बाई, तुमचे समद्यांचे कप धा वर्सं म्या धुतीया. कुनाच्या कपात काय घावतं ते मला ठावं. येकाच्या कपात नखं घावली. कापलेली. येक जन त्यात सुपारी थुकतो. चांगली शिकल्याली मानसं तुमी, वंगाळ वाटून घिऊ नगा, पन मला तुमची लई किळस येती."

आम्रपाली शेजारच्या स्टुलावर बसली. एवढ्या दिवसांत कधी नव्हे इतकं मोकळं वाटत होतं. कदाचित तापही असेल. आपण या बाईला न विचारताच आधी तिचा अपमान केला आणि मग तिला न विचारताच त्याची भरपाईही करून टाकली, हे तिच्या ध्यानात आलं. काहीतरी केलं पाहिजे असं तिला फार वाटलं. खरंखुरं, मनातून.

"द्वारकाबाई," ती हात पुढे करून म्हणाली, "मला यातलाच एक घोट द्या."

द्वारकाबाईने फुलपात्र छातीशी धरलं आणि स्टूल हातभर मागे सरकवलं.

"नगं! शेंबूड बगा किती वाहतुया. बऱ्या व्हा आदी. बऱ्या झाल्या की अर्दा देते."

आम्रपाली इतकी हसली की तिला ओळीने पाच शिंका आल्या. द्वारकाबाईने स्टूल आणखी हातभर मागे घेतलं. मग आम्रपालीने डोळे पुसले, पर्समधून मोबाईल काढला आणि घरी फोन लावला. तात्यारावांनीच उचलला. हिराबाई दळण आणायला गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना स्वतः बोलण्यावाचून इलाज नव्हता.

"तात्या, द्वारकाबाईंनी मला त्यांच्या भांड्यातला चहा दिला नाही."

"का?"

"त्यांना माझी किळस येते."

तात्यारावांनी चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसून विचारत आले तशा आवाजात विचारलं, "कायमची?"

"नाही. सर्दी जाईपर्यंत."

"मग हरकत नाही," तात्याराव म्हणाले. "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि तू घरी ये. आई काढा करून ठेवेल." त्यांनी फोन ठेवला नाही, नुसताच घसा खाकरला. मग म्हणाले, "माझ्या कपात नको घेऊस म्हणजे झालं."